पॅन्ट धुवायची नसते

मोबाईलवर एकमेकांना शर्टाच्या कॉलरी दाखवणाऱ्या पुरुषांबद्दल जगाचे काही ठाम समज आहेत. ही मंडळी कुठे जात नाहीत, फक्त जायच्या तयारीत असतात. त्यांच्या फोटोत डोकं नसतं. माणूस गळ्यापाशी सुरू होतो आणि बुटापाशी संपतो. सगळ्यांच्या अंगावर एकच गणवेश: पांढरा ऑक्सफर्ड शर्ट, गडद निळी जीन्स, तपकिरी बूट. तो घालून ते एकमेकांना सांगतात की कपड्यांतून स्वतःचं व्यक्तिमत्त्व दिसलं पाहिजे. 'हा बूट वीस वर्षं टिकेल' म्हणून घेतात आणि सहा महिन्यांत 'फारसा वापरलेला नाही' म्हणून विकायला काढतात. लग्नाला जातात ते जेवायला नव्हे, तर नवरदेवाच्या मानेमागे कोट आणि शर्ट यांच्या कॉलरींत फट पडली आहे का ते बघायला. कोटाचं शेवटचं बटण लावलेला माणूस दिसला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. (इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या पोटावर ते बटण बसेना, म्हणून दरबाऱ्यांनीही आपापलं सोडलं, अशी कथा सांगतात. आमच्याकडची पोटं काही कमी नाहीत, पण इथे काजाचे पैसे दिलेत म्हटल्यावर बटण लावतात.)

हे सगळे समज खोटे आहेत आणि आकसापोटी पसरवलेले आहेत. मी स्वतः या मंडळींपैकी आहे, मला ठाऊक. माझ्या फोटोत डोकं येत नाही त्याचं कारण साधं आहे. घरात पुरुषभर उंचीचा आरसा एकच, तो आईच्या कपाटाला, आणि त्यावर नेमक्या माझ्या तोंडाच्या जागी लक्ष्मीचं स्टिकर आहे.

ओझर हे या छंदाला फारसं सोयीचं गाव नाही. गाव म्हणजे आमचं, निफाड तालुक्यातलं. अष्टविनायकातलं ओझर जुन्नरकडे. पत्ता सांगताना घोळ नको म्हणून आम्ही स्वतःला 'ओझर मिग' म्हणवून घेतो. १९६४ साली इथे एचएएलचा कारखाना उभा राहिला. आधी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई. कपड्यांच्या बाबतीत गावात दोनच पक्ष. एक बागायतदारांचा: पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, खळ घालून कडक इस्त्री. दुसरा कारखान्यातल्या गणवेशाचा. पहिल्या पक्षाला रंगाची गरज वाटत नाही, दुसऱ्याला विचाराची. दोघांचं उत्तम चाललं होतं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या पक्षाचे. कारखान्यात फिटर होते. त्यांची कामावरची डंगरी मूळची निळी. आता तिचा रंग सांगायचा तर गुडघ्याला एक, खिशाला एक आणि पाठीला तिसरा सांगावा लागतो. अण्णा निवृत्त झाले. मिग-२१ सुद्धा २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला समारंभाने निवृत्त झालं. डंगरी मात्र अजून सेवेत आहे. अण्णा ती चढवून स्कूटर पुसतात, टाकी साफ करतात आणि दुपारी तीच उशाला घेऊन पडतात.

तरुणपणी मी त्या डंगरीची लाज बाळगत असे. पुढे कपड्यांचा अभ्यास सुरू झाला आणि कळलं की पॅरिसपासून टोकियोपर्यंत शौकीन लोक जुन्या फ्रेंच कामगारांचे निळे कोट हुडकत असतात, जितका विटका तितका महाग. तेव्हाही ही डंगरी माझ्या नजरेला पडली नाही. अभ्यासू माणसाची नजर फार दूरवर असते.

माझी पहिली खरेदी होती एमए-१ जॅकेट. अमेरिकी हवाई दलाने पन्नासच्या दशकात काढलेलं हे आखूड जॅकेट. त्याचं अस्तर भडक नारिंगी असतं. विमान पडलंच तर वैमानिकाने ते उलटं घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसतं. हा तपशील लोकांना कळावा म्हणून मी ते टाउनशिपच्या भाजीबाजारात उलटं घालून गेलो. हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आमच्याच गावात. त्यामुळे मेथीची जुडी निवडत असलेले एक निवृत्त गृहस्थ जवळ आले आणि अगदी आस्थेने म्हणाले, "कुठे पडलात?"

मग जीन्स आली.

ही साधी जीन्स नव्हे. जपानमधल्या ओकायामा प्रांतात कोजिमा नावाचं गाव आहे, जीन्सवाल्यांची काशी. जपानी गिरण्यांनी १९७३ च्या सुमारास आपलं डेनिम विणायला घेतलं, आणि पुढे तिथल्या काही हट्टी लोकांनी जुने अरुंद, धोट्याचे माग पुन्हा चालू केले. नवे माग कापड झपाट्याने विणतात, पण त्याच्या कडा सुटतात. जुन्या मागावर धोटा इकडून तिकडे जातो, तोच दोरा घेऊन परततो, त्यामुळे कड बांधलेली राहते. त्या कडेत एक बारीक लाल रेघ असते. ती लोकांना दिसावी म्हणून पॅन्टची मोरी वर दुमडायची. किंमत सांगून विकणाऱ्याने स्वतःच मला पाणी दिलं.

बायकोला मी ती कड दाखवली. ती म्हणाली, "अहो, हा तर काठ. माझ्या प्रत्येक साडीला आहे. मी काय उलटा करून दाखवत फिरते?"

मी म्हणालो, "धोट्याच्या मागावरचं आहे हे."

"मग मालेगावहून का नाही आणलंत?"

याला उत्तर नाही. आमच्याच आग्रा रोडने पुढे निघालं की मालेगाव, आणि तिथे धोट्याचे यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत असतात. पण तिथलं कापड तिथे मिळतं, हाच त्याचा दोष.

आबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, किंमत विचारली आणि सवयीप्रमाणे तिचा कांदा केला. आमच्याकडे लासलगाव जवळ, त्यामुळे सगळ्या किमती शेवटी कांद्यात येतात. चोवीस हजारांची पॅन्ट, कांद्याचा भाव बाराशे धरला तर वीस क्विंटल. तेव्हापासून मी दिसलो की आबा म्हणतात, "आली ट्रॉली."

दुमडलेल्या मोरीचं तर विचारूच नका. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या घोट्यांकडे बघायचा आणि मग विचारायचा, "तुमच्याकडं पाणी शिरलं का?"

आता मुख्य नियम. ही पॅन्ट धुवायची नसते. कच्च्या डेनिमचा रंग अंगावरच उडायला हवा. ज्याच्या बसण्या-उठण्याच्या चुण्या जशा, तसा त्याचा रंग. पाण्यात घातली की सगळ्यांची सारखीच होते. हे माझं मत नव्हे. लिव्हाइस कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ मध्ये भर सभेत सांगितलं होतं की अंगातली जीन्स त्यांनी वर्षभर धुतलेली नाही. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने पंधरा महिने एकच जीन्स न धुता घातली. त्याच्या प्राध्यापिकेने तिच्यावरचे जिवाणू मोजले आणि २०११ मध्ये जाहीर केलं की धुऊन दोन आठवडे घातलेल्या जीन्सवर जवळपास तेवढेच असतात. हा निष्कर्ष मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आई म्हणाली, "त्या पोराची आई काय म्हणते, ते लिहिलंय का?"

वास येऊ लागला तर शास्त्रशुद्ध उपाय असा की पॅन्ट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. तो विद्यार्थीही तेच करायचा. थंडीने जिवाणू मरत नाहीत, नुसते निजतात, असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणतात. पण मला तरी त्यांनी निजावं एवढीच अपेक्षा होती. मटारच्या पिशव्या आणि बर्फाचा ट्रे यांच्यामध्ये घडी करून पॅन्ट ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, लिंबूसरबत झालं. एका मावशींनी ग्लासातला बर्फ उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "निळसर आहे नाही?"

पॅन्ट कंबरेला सैल होती, कारण ती आटणार होती. या जातीचं कापड आधी आटवून घेतलेलं नसतं. ते अंगावर घालून गरम पाण्यात बसायचं आणि अंगावरच वाळवायचं, म्हणजे देहाच्या मापाला बसतं. (हे धुणं नव्हे, भिजवणं. यावर आमच्या मंडळींत मैत्र्या तुटल्या आहेत.) अमेरिकेत लोक यासाठी बाथटबमध्ये बसत. आमच्या न्हाणीघरात बंब ठेवला की माणूस उभा राहण्यापुरती जागा उरते. शेवटी मी आबांच्या मळ्यात गेलो. तिथे फवारणीचं पाणी कालवायचा दोनशे लिटरचा ड्रम होता. चुलीवर पाणी तापवलं, ड्रममध्ये ओतलं आणि पॅन्टसकट आत उतरलो.

दिवस ऐन थंडीचे. निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात छापून येतो, तो हंगाम. ड्रमातून वर फक्त माझं डोकं. म्हणजे या छंदात प्रथमच माझं डोकं चौकटीत आलं होतं. बागेत मजूर घडांचं डिपिंग करत होते. द्राक्षाचा मणी लांबावा म्हणून एकेक घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अॅसिडच्या, द्रावणात बुडवून काढतात, त्याला डिपिंग म्हणतात. बायका ओळीने पुढे सरकत सरकत माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. मागून आबा आले. पायात चिखलाने भरलेली कोल्हापुरी. तसल्याच चपला २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या पुरुषांच्या शोमध्ये मांडल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, म्हणून केवढा गदारोळ झाला होता. भौगोलिक मानांकन २०१९ सालीच मिळालेलं. त्या वादात मी कोल्हापूरच्या बाजूने रात्र रात्र भांडलो होतो. माझ्या स्वतःच्या पायात कोल्हापुरी कधी नव्हती, पण तो मुद्दा वेगळा.

आबांनी ड्रममधल्या पाण्यात बोट बुडवलं. पाणी निळं झालेलं होतं. "मोरचूद कुणी टाकलं? बोर्डो आज नव्हतं मारायचं," ते मजुरांवर ओरडले. मग माझ्याकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "तू कशाला बसला यात?"

"आटवतोय," मी म्हणालो.

बायकांमधली एक जण हसू दाबत म्हणाली, "आमचं डिपिंग लांबवायला, दादांचं आखडायला."

नियमाप्रमाणे पॅन्ट अंगावर वाळवायची होती, म्हणून मी ओल्या पॅन्टनिशी बागेतून फेऱ्या मारू लागलो. ऊन फिकं, वारा डोळ्यांतून पाणी काढणारा. पॅन्ट वाळता वाळता एवढी कडक झाली की गुडघा वाकेना. घरी पोचल्यावर ती काढली, तर पॅन्ट एकटी कोपऱ्यात उभी राहिली आणि मी पलंगावर आडवा झालो. बायकोने पांघरूण घालायला म्हणून पाय बघितले आणि किंचाळली. कंबरेपासून घोट्यापर्यंत मी निळा होतो.

आमच्या डॉक्टरांनी नखं बघितली, ओठ बघितले, बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं. सगळं ठीक. त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. तेवढ्यात इंजेक्शनसाठी परिचारिकेने मांडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि बोळा निळा झाला. डॉक्टर बोळ्याकडे बघत राहिले, मग लेटरहेडवर औषध म्हणून लिहिलं: 'अंघोळ, दोन वेळा.'

इंडिगोचा स्वभावच असा आहे. तो सुताच्या आतपर्यंत शिरत नाही. वरच्या थराला धरून बसतो, गाभा पांढराच राहतो. म्हणून घासलं की सुटतो आणि म्हणूनच ते सुंदर पांढरे पट्टे उमटतात. हे मी इतकं नीट सांगू शकतो, कारण पिंपळगाव बसवंतच्या एका बंगल्यात मला ते उभ्याउभ्याने सांगावं लागलं होतं.

चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो. दिवाणखाना प्रशस्त, सोफा साईच्या रंगाचा. कांदेपोहे झाले, मुलीने शिक्षण सांगितलं, भावाने बागेचे एकर सांगितले. उठायची वेळ झाली. मी उठलो आणि त्यांच्या घरातला लहान मुलगा ओरडला, "आजी, काका उठले पण बसलेलेच आहेत!"

सोफ्यावर मी होतो. दोन्ही मांड्या, मधली शिवण, उजव्या मागच्या खिशातलं पाकीट सुद्धा. छपाई म्हणून बघितली तर काम उत्कृष्ट होतं. पाकिटाचा कोपरा जिथे टेकला तिथली रेघ अगदी स्वच्छ उमटली होती. मी सुताचा गाभा आणि वरचा थर समजावून सांगू लागलो. मुलीचे वडील 'असू द्या, असू द्या' म्हणत होते आणि मुलीची आई पितांबरी शोधत होती. ती तांब्यापितळेची, पण त्या क्षणी कुणाला काही सुचत नव्हतं. दोन दिवसांनी निरोप आला: मुलगा पसंत आहे, याद्या करायला या, फक्त त्या निळ्या भावाला काय आजार आहे तेवढं कळवा. डॉक्टरांच्या लेटरहेडचा तेव्हा उपयोग झाला.

चंपाषष्ठीला खंडेराव महाराजांची यात्रा भरली. ओझरच्या यात्रेला येऊन पिवळं न होता परत जाणं शक्य नाही. बारागाड्यांच्या वेळी भंडाऱ्याचा असा वर्षाव होतो की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. आईने मला आधी बजावलं होतं, जुने कपडे घाल. माझी अडचण अशी की माझ्या पॅन्टला जुनं व्हायचं होतं, त्यासाठीच तिचा जन्म. येळकोट येळकोट करत मी गर्दीत शिरलो आणि हिरवा होऊन बाहेर आलो. निळीवर हळद चढली की हिरवा; आपले जुने रंगारी असाच हिरवा काढायचे. सोपा उपाय होता. हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की उडतो. पण धुवायची नाही, हे माझं तत्त्व. आणि देवाचा भंडारा असा मोरीत सोडायचा नाही, हे आईचं. या पॅन्टबाबत आमचं दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

त्या हिरव्या पॅन्टचा फोटो मी अंगणात काढला आणि मंडळींना पाठवला. वाटलं, खळबळ माजेल. माजलीही. पण पॅन्टबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फोटोत मागे स्कूटरच्या सीटवर अण्णांची डंगरी पडली होती. सगळ्यांनी ती मोठी करून बघितली. कोणत्या देशाची, कोणत्या दशकाची, कोणत्या गिरणीची. पुण्याच्या एकाने तर 'हात लावू नका, मी येतोय' असं कळवलं आणि तो खरंच आला.

दार मी उघडलं. समोर पांढरा ऑक्सफर्ड शर्ट, निळी जीन्स, मोरी दुमडलेली, तपकिरी बूट. मीही तेच घालून उभा होतो, फक्त जीन्स हिरवी. आतून अण्णांनी विचारलं, "कोण आहे रे?" आई म्हणाली, "हाच आहे. दोनदा."

पाहुण्याने चहा नको म्हटलं. डंगरी दोन्ही हातांनी घेतली, आतून उलटी केली, शिवण डोळ्यांजवळ नेली. मग अण्णांना सांगू लागला की काका, हे जाड कापड मुळात आपल्या मुंबईच्या डोंगरीचं, तिथून साहेबांनी नेलं. अण्णा म्हणाले, "ही नाशकात, भद्रकालीत शिवली."

"आणि हा गुडघ्याचा रंग कसा आला?"

"टेकून."

"कशावर?"

"विमानावर."

पाहुण्याने डोळे मिटले. मग जड आवाजात विचारलं, "काका, कधी धुतली तर नाहीत ना?"

"दर रविवारी. सोडा घालून उकळायचो, मग दगडावर आपटायचो. ग्रीस जाणार कसं?"

असा घाव माणूस एरवी सोसत नाही, पण पाहुणा सावरला आणि त्याने एक आकडा सांगितला. मी मनातल्या मनात त्याचा कांदा केला. अण्णांनी चष्मा लावला, डंगरीकडे बघितलं, पाहुण्याकडे बघितलं, माझ्या पॅन्टकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, माझ्या आणखी दोन होत्या ना, त्या कुठं गेल्या?"

"त्यांची मी पोतेरी केली."

खोलीत कुणी बोललं नाही. पाहुणा खुर्चीच्या अगदी कडेला आला. "बघायला मिळतील का?" त्याने विचारलं.

आईने बादलीतून एक काढलं, पिळलं आणि झटकून त्याच्यासमोर धरलं. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. कडेची लाल रेघ अजून शाबूत होती.

"हे नाही द्यायचं," आई म्हणाली. "फरशीला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. तुमची ती पॅन्ट ठेवून जात असाल तर बघू."